माझे कावळे आणि बाबांचं पान

विज्ञानाला हातभार लावणारा आमच्या घराण्यातला मी पहिला पुरुष, आणि घरच्यांचं एकमत आहे की शेवटचाही.

खरं तर विज्ञानाचं आणि माझं शाळेपासूनच पटलेलं नाही. (मी हात लावलेली परीक्षानळी पुन्हा कोणाच्या कामाला आल्याचं ऐकिवात नाही.) पुढे विमा कंपनीत चिकटलो, डोंबिवलीत घर घेतलं, आणि विज्ञानाने मला व मी विज्ञानाला सुखाने सोडून दिलं. पण एक दिवस सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला : 'सामान्य नागरिकांनो, विज्ञानाला तुमची गरज आहे! रविवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात या. चहापानाची सोय आहे.' एवढ्या वर्षांनी विज्ञानाला माझी गरज पडावी, आणि तीही चहासकट! मला अगदी भरून आलं.

"जा, जा," माझी बायको सुनीता म्हणाली. "सोफ्याला तेवढाच आराम."

सभागृहात एक तरतरीत मुलगी बोलत होती. सगळे तिला ताई म्हणत होते, म्हणून मीही म्हणू लागलो. ती सांगत होती की विज्ञान काही फक्त प्रयोगशाळेत होत नाही. शास्त्रज्ञ मूठभर, आणि बघण्यासारखं ढीगभर! म्हणून तुमच्या-माझ्यासारख्यांचे डोळे लागतात. कोणी दारातल्या बहाव्याला कळी कधी आली ते लिहून ठेवतं, कोणी गच्चीत पाऊस मोजतं, शहाडच्या काही बायका उल्हास नदीचं पाणी बाटलीत भरून तपासतात. "आणि ज्यांना यातलं काहीच जमणार नाही," ताई म्हणाली (त्या वेळी तिने माझ्याकडेच का पाहिलं, देव जाणे!), "त्यांनी पक्षी मोजावेत."

नियम सोपे होते. रोज एकच जागा, एकच वेळ. थोडा वेळ शांत उभं राहायचं, जे दिसेल ते मोजायचं आणि फोनवरून पाठवून द्यायचं.

"आणि काहीच दिसलं नाही तर?" मी विचारलं.

"तर शून्य पाठवायचं, काका. शून्य हीसुद्धा माहितीच असते."

माझ्या शून्याला इतका मान आजवर कोणीच दिला नव्हता. मी तिथल्या तिथे नाव नोंदवलं.

"एक मात्र लक्षात ठेवा," ताई सगळ्यांना म्हणाली. "पक्ष्यांना खायला घालून बोलवायचं नाही हं! नाहीतर तुम्ही पक्षी मोजत नाही, पाहुणे मोजता."

मी जोरजोरात मान डोलावली. माझ्या पुढ्यात तेव्हा दुसरा चहा आला होता.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं होतं. रोज सकाळी मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर जायचो, टाकीपाशी उभा राहायचो आणि प्रामाणिकपणे मोजायचो. आमच्या गच्चीवरून दिसायचे फक्त कावळे आणि कबुतरं. एकदा हिरवा पोपट दिसला म्हणून मी उडी मारली, तर ते समोरच्यांच्या दोरीवरचं ब्लाउज निघालं. तरीही माझी काही तक्रार नव्हती. पण मग या प्रकल्पात आमचे भावोजी शिरले!

भावोजी म्हणजे माझी मोठी बहीण नंदा हिचे यजमान. ते राहतात माजिवड्याला, एका उंच टॉवरमध्ये, आणि त्यांच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. माझं बघून त्यांनीही नाव नोंदवलं, महागडी दुर्बीण घेतली आणि पहिल्याच आठवड्यात प्रकल्पाच्या ग्रुपवर धडाका लावला. 'आज तांबट, शिंजीर आणि सुभग.' 'आज स्वर्गीय नर्तक, नर!' 'आज धनेशाची जोडी!!' त्याखाली माझी नोंद : 'कावळे चार, कबुतरं नेहमीप्रमाणे.' भावोजींच्या धनेशावर ताई टाळ्या, फुलं आणि फटाके पाठवायची. माझ्या कावळ्यांना नुसतं 'धन्यवाद'.

हे धन्यवाद माझ्या जिव्हारी लागलं. जातीचे पक्षी माझ्याकडे नाहीत, तर निदान संख्या तरी दणदणीत हवी, असं मला वाटू लागलं. एका सकाळी मी सहज पोळीचा तुकडा कठड्यावर ठेवला. (सहज हं! विज्ञानाशी त्याचा काही संबंध नव्हता.) दुसऱ्या दिवशी शेव ठेवली. कावळे थोडे वाढले. मग एकदा बाजारातून सुका जवळा आणला होता, त्यातला मूठभर नेऊन टाकला. आणि काय सांगू! ही बातमी ठाकुर्लीपासून कोपरपर्यंत कशी पसरली कोण जाणे. आठवड्याभरात गच्चीच्या कठड्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. माझी नोंद अशी फुगली की ताईने फोन केला.

"काका, तुमच्याकडे कावळे एकदम वाढलेत. जवळपास कोणी कचरा टाकायला लागलंय का?"

"छे छे," मी म्हणालो. "आमच्याकडे वातावरणच चांगलं आहे."

कावळे मात्र फार हुशार. त्यांना जवळा आवडायचाच, पण त्याहून जास्त त्यांनी माझं तोंड लक्षात ठेवलं. मी भाजी आणायला निघालो की दोन कावळे माझ्याबरोबर मंडईपर्यंत. रिक्षाच्या रांगेत उभा राहिलो की वरच्या तारेवर एक. स्वयंपाकघराच्या खिडकीवर चोच आपटली की सुनीता आतूनच ओरडायची, "अहो, तुमचे मित्र आलेत!" आमच्या इमारतीच्या जागेवर पूर्वी ज्यांची भातशेती होती ते पाटीलकाका वरच्याच मजल्यावर राहतात. ते तर माझ्या विनायकचं इनायक करून रोज जिन्यात हाक मारायचे, "ए इनायक! तुजे जावई आयलेन बग!"

अशात पितृपक्ष आला. घरात मासळी बंद झाली. सुनीताने जवळ्याचा डबा माझ्या हातात ठेवून सांगितलं, "हा घरात नको." कावळ्यांना पितृपक्ष लागू नसल्यामुळे मी तो गच्चीवर टाकीच्या मागे नेऊन ठेवला, आणि माझं विज्ञान चालू राहिलं. त्या डब्यामुळे पुढे काय होणार आहे याची मला तेव्हा पुसटशीही कल्पना नव्हती.

बाबांची तिथी आली. बाबांना जाऊन आता काही वर्षं झाली. ते आंबिवलीच्या एका कारखान्यात होते. आयुष्यभर वेळेवर उठले, वेळेवर जेवले आणि कोणाला न दुखवता गेले. आईचा त्यांच्या तिथीला एक नेम आहे. बाबांच्या पानाला कावळा शिवल्याशिवाय ती तोंडात काही घालत नाही. पाणीसुद्धा नाही! आईला साखरेचा त्रास आहे. उपाशी राहायचं नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलंय.

"डॉक्टरांना काय माहीत माझ्या नवऱ्याची तिथी?" आई म्हणते, आणि विषय संपतो.

एरवी याची कधी चिंता नसायची. पान ठेवलं की कोणीतरी कावळा भिरभिरत यायचा, वड्याचा लचका तोडायचा, आणि लगेच आई जेवायला बसायची. यंदा तर मी स्वतःहून म्हणालो, "आई, या वेळी काळजीच करू नकोस. आपल्याकडे कावळ्यांची कमतरता नाही!"

दुपारी गुरुजींनी सगळं यथासांग केलं. खीर, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी असं भरलेलं पान घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. मी धोतर-उपरण्यात, आई नऊवारीत, सुनीता, नंदा, आणि भावोजी गळ्यात दुर्बीण अडकवून. (पितरांच्या कार्याला दुर्बीण! पण जावई पडले, त्यांना कोण बोलणार?) पाटीलकाकाही मागे हात बांधून आले. मी पान कठड्यावर ठेवलं, चार पावलं मागे सरलो आणि हाक मारली, "काऽव! काऽव!"

आकाश काळं झालं.

टाकीवर कावळे, डिशच्या छत्र्यांवर कावळे, सोलरच्या नळीवर ओळीने कावळे. आईने हात जोडले. "अगंबाई, किती आलेत! ह्यांच्याबरोबर गावचे सगळेच आलेले दिसतात!"

मी खुशीत सगळ्यांकडे पाहिलं. भावोजींचा चेहरा पडला होता, तो बघून तर मला आणखीच बरं वाटलं. आता पहिला कोण झेपावतो ते बघायचं म्हणून आम्ही श्वास रोखून उभे राहिलो.

कोणीच झेपावलं नाही.

"जरा लांब व्हा सगळे," गुरुजी म्हणाले. आम्ही लांब झालो. कावळे जागचे हलले नाहीत. त्यांच्यातला एक मोठा डोमकावळा, ज्याला मी मनातल्या मनात साहेब म्हणायचो, तो तेवढा उतरला. टुणटुण उड्या मारत पानापाशी गेला, वड्याकडे पाहिलं, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, आणि परत जाऊन टाकीवर बसला.

त्याला वडा नको होता, माझ्याकडचा रोजचा जवळा हवा होता. मला वाटलं होतं की धोतरात मला हे ओळखायचे नाहीत. मी हळूच डावीकडे सरकलो. सगळ्या चोची डावीकडे वळल्या. मी उजवीकडे सरकलो. सगळ्या चोची उजवीकडे!

भावोजींनी दहा हातांवरच्या कावळ्याला दुर्बीण लावली. "इंटरेस्टिंग! सगळ्यांची नजर विनायकवर आहे."

"विन्यावर?" आईने विचारलं.

गुरुजींनी घसा खाकरला. "काही इच्छा राहिली असेल त्यांची. चिरंजीवांकडूनच दिसतेय. इच्छा बोला आणि कबूल करा, म्हणजे शिवेल."

आता कावळा शिवला नाही की गेलेल्या माणसाचं काहीतरी मनात राहिलंय असं आपल्याकडे धरतात, आणि घरच्यांनी ते पुरं करायचा शब्द द्यायचा असतो. त्यात काही वावगं नाही. फक्त तो शब्द एकट्या मला द्यायचा होता, आणि बाबांची इच्छा कोणती हे ठरवायचा अधिकार बाकी सगळ्यांना होता!

आईने पदर सावरला आणि पानाकडे बघून म्हणाली, "अहो, विन्याचं पोट कमी व्हावं अशी तुमची फार इच्छा होती ना?"

"आई! बाबा असं कधी म्हणाले?"

"मनात म्हणायचे. कबूल कर."

"कबूल."

कावळे ढिम्म हलले नाहीत.

"मला आठवतंय," नंदा पुढे झाली. "बाबांना वाटायचं, दर भाऊबीजेला नंदाच का डोंबिवलीला येते? विन्याने माजिवड्याला जायला हवं."

"सणाच्या दिवशी? ते तुंबलेलं जंक्शन ओलांडून? नंदाताई, त्यात माझी पुढची भाऊबीज उजाडेल!"

"विन्या, आई उपाशी आहे."

"कबूल!"

आता सुनीताची पाळी आली. ती डोळे मिटून म्हणाली, "बाबा मला एकदा म्हणाले होते, सूनबाई, हा जुना ओटा काढून ग्रॅनाइटचा करून घे. विनायक देईल करून."

"कबूल," मी पडेल आवाजात म्हणालो.

"हिरवा," सुनीता म्हणाली.

"बाबांनी रंगसुद्धा सांगितला होता?"

"त्यांना सगळ्यात लक्ष असायचं," आईने डोळे पुसले.

भावोजींनी दुर्बीण खाली घेतली. "माझ्या मते विनायकने पक्षीनोंदीत माझ्याशी चुरस करू नये, अशीही त्यांची..."

"बाबा गेले तेव्हा हा प्रकल्पच नव्हता हो!"

"वरून दिसतं त्यांना," आई म्हणाली. "कबूल कर."

एवढ्यात मागून पाटीलकाकांनी संधी साधली. "इनायक, तुजी स्कूटर रोज माज्या गारीच्या आरवी लावतंस, ती लावनार नाय, ह्ये पन कबूल करून टाक रं!"

"काका, याच्याशी बाबांचा काय संबंध?"

"म्हणून टाका हो," गुरुजी घड्याळ बघत म्हणाले. "मला अजून कल्याणला जायचंय."

मी तेही कबूल केलं. आता मला कावळ्यांपेक्षा नातेवाइकांची जास्त भीती वाटू लागली होती. आणखी थोडा वेळ असाच गेला असता तर मी घर पाटीलकाकांच्या नावावर केलं असतं. मी शेवटी खरं सांगून टाकायचं ठरवलं.

"आई, ऐक. बाबांचं काही राहिलेलं नाही. हे कावळे मला ओळखतात."

"ओळखणारच," आई म्हणाली. "बाप आहे तुझा!"

"तसं नाही गं! मी त्यांना रोज खायला घालतो. रोज सकाळी, इथेच."

आई माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "रोज घालतोस? आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस? बघ गं नंदा! आपण याला म्हणतो, याला कोणाचं काही नाही. आणि हा रोज बापाला घास घालतो!"

नंदाही रडायला लागली. गुरुजींनी माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं. "काय घालता?" त्यांनी विचारलं.

मी सुनीताकडे पाहिलं. पितृपक्षात गच्चीवर जवळा, आणि तो गुरुजींसमोर! सुनीताचे डोळे एवढे मोठे मी लग्नातही पाहिले नव्हते.

"बाबांच्या... आवडीचं," मी म्हणालो. (हे अगदी खरं होतं. बाबांना कांद्यावर परतलेला जवळा जीव की प्राण!)

आईला आणखी एक हुंदका आला. आता निदान या कावळ्यांच्या नजरेआड तरी व्हावं म्हणून मी टाकीच्या मागे जाऊन बसलो. ही माझी दिवसातली सगळ्यात मोठी चूक. सगळी फौज उडाली आणि टाकीवर येऊन बसली, आणि साहेबांनी तिथला तो डबा बरोबर हेरला! चोचीने झाकण ठोकायला सुरुवात केली. टण! टण! टण!

"झाकण उघडायचा प्रयत्न करतोय!" भावोजी आनंदाने ओरडले. "विनायक, व्हिडिओ घे, व्हिडिओ! ताईला पाठवू!"

"वास कसला येतोय हो?" गुरुजींनी नाक उचललं.

"पलीकडच्या बिल्डिंगमधून," सुनीता म्हणाली. "तिथे कोणी काही पाळत नाही."

मी डबा धोतराच्या सोग्यात गुंडाळून तिथेच मांडी घालून बसलो. अंगावर कावळे, मांडीवर जवळा आणि कठड्यावर बाबांचं पान जसंच्या तसं. ऊन चढत होतं. आणि तेवढ्यात नंदाचा वेगळाच आवाज आला.

"आई? आई, बस आधी. बस!"

मी डबा तिथेच टाकून धावलो. पाटीलकाकांनी खुर्ची आणली होती. आई तिच्यावर बसली होती, कपाळावर घाम होता आणि हात थरथरत होते. "काही नाही रे, जरा गरगरलं," ती म्हणाली, पण आवाज तिचा वाटत नव्हता. मघापासून जी सगळी गंमत चालली होती ती एका क्षणात संपली. मी मनापासून घाबरलो.

"आई, साखर उतरली असेल. घोटभर सरबत घे."

"आधी ह्यांचं होऊ दे."

"आजी," गुरुजी खाली वाकून म्हणाले, "दर्भाचा कावळा करतो मी. तो पानाला लावू. शास्त्राला चालतं, मी सांगतो ना."

"नको," आईने मान हलवली. "ह्यांनी आयुष्यात नकली काही चालवून घेतलं नाही. डालडासुद्धा घरात येऊ दिला नाही."

"अगं, पण तुला काही झालं तर?"

"ह्यांना उपाशी ठेवून मी गिळू?"

मी जिन्याकडे पळालो. "कर्त्याने जागा सोडायची नाही!" गुरुजी मागून ओरडले. मी आयुष्यात गुरुजींचा, ऑफिसातल्या साहेबांचा, बायकोचा शब्द कधी मोडलेला नाही, तेव्हा मोडला. सरबत आईच्या ओठांना लावायचंच, वाटल्यास नाक दाबून, असं ठरवून मी धोतर हातात धरून जिना उतरत सुटलो. लिफ्टची वाट बघण्याइतकाही धीर नव्हता. घरात शिरलो, सापडेल त्या पेल्यात साखर ओतली, लिंबू पिळलं, अर्धं जमिनीवर सांडलं, आणि परत जिना चढायला लागलो. अर्ध्यावर आलो असेन, तोच वरून आरडाओरडा ऐकू आला. पेला तसाच धरून मी उरलेला जिना कसा चढलो ते मला आठवत नाही.

गच्चीच्या दारात सुनीता दोन्ही हात पसरून उभी होती.

"वर येऊ नका!"

"का? आईला काय झालं?"

"शिवला! शिवला!! सगळे मिळून खातायत! तुम्ही खाली गेलात, त्यांनी तुमची थोडी वाट पाहिली, आणि आले की पानावर! आता तोंड दाखवू नका, तिथेच थांबा!"

मी तिथेच थांबलो. पेला माझ्या हातातून सुनीताच्या, तिच्या हातातून नंदाच्या आणि तिथून आईकडे गेला. मला दिसत काहीच नव्हतं. फक्त ऐकू येत होतं. पंखांची फडफड, भावोजींचं "वा! वा!", आणि मग आईचा आवाज, "आण गं आता, घेते." थोड्या वेळाने तोच आवाज, जरा खणखणीत : "केवढी साखर घातलीय मेल्याने!"

हे ऐकलं आणि मी पायरीवर बसकण मारली. धोतर अर्धं सुटलं होतं, हात लिंबाने चिकट झाले होते. पोट, भाऊबीज, हिरवा ओटा, स्कूटर, सगळं सगळं कबूल होतं मला. आई शिव्या द्यायला लागली होती, म्हणजे ती ठीक होती. त्या जिन्यात बसून मी एकटाच हसलो आणि थोडा रडलोही. इतकं हलकं मला त्यानंतर कधीच वाटलेलं नाही.

(दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईला फोन करून जवळ्यापासून सगळं सांगून टाकलं. ती आधी खूप वेळ हसली. मग म्हणाली, "काका, तुमच्या कावळ्यांच्या नोंदी मी वेगळ्या काढून ठेवते. आणि तुम्ही आता झाडं घ्या. पालवी कधी, मोहोर कधी, एवढंच लिहायचं. झाडं तोंड ओळखत नाहीत." तेव्हापासून मी फाटकाजवळच्या जांभळाकडे बघत असतो. त्याने अजून तरी माझा पाठलाग केलेला नाही.)

गुरुजी कल्याणला गेले. आम्ही सगळे खाली येऊन जेवायला बसलो. आईने दोन वडे खाल्ले, सांबारं मागून घेतलं, आणि तिच्या चेहऱ्यावर रंग आला. भावोजी स्वतः काढलेला कावळ्यांचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून बघत होते. मी मात्र मान खाली घालून जेवत होतो. आपण समोर होतो तोवर बाबांच्या पानाला कोणी शिवलं नाही, आणि आपण पाठ फिरवताच पान साफ झालं, हे कारण माहीत असूनही मनाला कुठेतरी लागलं होतं. आईच्या ते लक्षात आलं.

"विन्या, मनाला लावून घेऊ नकोस रे," तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "ह्यांचं पहिल्यापासून तसंच होतं. तू समोर असलास की ह्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही."

"म्हणजे?"

"अरे, ते कामावरून दमून यायचे, पानावर बसायचे, आणि तू बरोब्बर तेव्हाच वर्गात काय झालं, मास्तरांनी का मारलं, कोणाच्या काचा फुटल्या ते सांगायला यायचास. ते तसेच उठायचे. मग मी युक्ती काढली. ह्यांचं ताट वाढलं की तुला दही आणायला पिटाळायचे. तू येईपर्यंत ते शांतपणे जेवून घ्यायचे."

नंदा खाली मान घालून हसत होती. म्हणजे तिलाही माहीत होतं! आणि मग मला आठवलं. लहानपणी रोज रात्री वाटी घेऊन कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत मी धावत जायचो, धावत यायचो, घरातलं एक मोठं काम आपल्यावर सोपवलंय म्हणून छाती काढून चालायचो.

आमच्या घरात दही कोणीच खात नाही, हे त्या दिवशी वयाच्या पन्नाशीत पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.